सज्ज्यातील मिरची : हंगाम पावसाळ्यानंतरचा

पनवेलच्या जुन्या गावभागात घरामागे परस असे. परसात विहीर, विहिरीच्या पाटाला अळू, कडेला केळी आणि स्वयंपाकघराच्या मागल्या दारापासून चार पावलांवर मिरचीची दोन-चार झाडे. फोडणी तापत असताना गृहिणीने मागे जाऊन दोन मिरच्या तोडून आणाव्यात, इतका तो नित्याचा व्यवहार होता. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि भातखाचरांच्या या पट्ट्यात नव्या वसाहती उभ्या राहू लागल्या. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या पनवेलची १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली. या वाटचालीत परस मागे पडला आणि बहुसंख्य कुटुंबांच्या वाट्याला चार हात रुंदीचा सज्जा आला. परस गेला, तरी घरच्या मिरचीची हौस मात्र गेलेली नाही.

ही हौस फळाला का येत नाही, याचे कारण बहुतेक वेळा कष्टांच्या उणिवेत नसते. ते कालनिर्णयात असते. पावसाळा हा झाडे लावण्याचा काळ, ही समजूत आंबा-फणसाच्या बाबतीत खरी आहे. तीच मिरचीला लावली जाते. जूनच्या पहिल्या सरीबरोबर रोपे घरी येतात, आषाढात त्यांची पाने पिवळी पडतात, श्रावणात मुळे कुजतात आणि गणपतीच्या सुमारास कुंडी रिकामी होते. 'आमच्या हाताला झाडच लागत नाही' असा निष्कर्ष काढून नवखा बागकामी मनुष्य ती कुंडी जिन्याखाली सरकवून देतो. दोष हाताचा नसून महिन्याचा असतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

परदेशी पाहुणी

मिरची आज महाराष्ट्राच्या ठेच्यात, रश्श्यात आणि पनवेल-उरण भागातील आगरी मसाल्यात इतकी मुरली आहे, की ती मूळची येथील नव्हे यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. तिचे मूळस्थान मेक्सिको आणि दक्षिण व मध्य अमेरिका. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तोवर येथील स्वयंपाकात तिखटपणासाठी मिरी, पिंपळी व सुंठ वापरीत. 'मिरची' हे नावही संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरी या शब्दाशी नाते सांगते. नवी वस्तू आली, परंतु तिला नाव जुन्या वस्तूचे मिळाले.

तिचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे असतो ते कॅप्सेसिन. ते बियांत असते हा सार्वत्रिक समज बरोबर नाही. मिरचीच्या आत बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्या गरात ते तयार होते, आणि बियांना ते केवळ लागलेले असते. हे द्रव्य मनुष्याच्या व इतर सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंना उष्णतेसारखे जाणवते. हा शोध ज्या संशोधनातून लागला त्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक अन्य एका शास्त्रज्ञासमवेत देण्यात आले. पक्ष्यांना मात्र ही आग जाणवत नाही. ते पिकलेली मिरची खुशाल खातात आणि तिच्या बिया अन्यत्र टाकतात. विजेच्या तारेखाली किंवा कुंपणाच्या कडेला कोणी न लावलेले मिरचीचे झाड उगवलेले दिसते, ते बहुधा बुलबुलाचे काम असते.

मिरचीचा जीवनसत्त्वांशी असलेला संबंधही जुना आहे. हंगेरीतील सेगेड येथे आल्बर्ट झेंट-ग्यॉर्गी यांनी तेथील स्थानिक मिरचीतून 'क' जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर वेगळे केले. त्यांना १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हिरव्या मिरचीत वजनाच्या मानाने संत्र्याहून अधिक 'क' जीवनसत्त्व असते. अर्थात संत्र्याइतकी मिरची कोणी खात नाही, ही गोष्ट वेगळी.

सूर्य आणि सज्जा

पनवेल परिसरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत अडीच ते तीन हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. मिरचीची मुळे उथळ असतात आणि त्यांना पाण्याइतकीच हवेचीही गरज असते. दोन दिवस पाणी साचून राहिले, तरी ती गुदमरतात. कोकणातील शेतकरी खरिपातही मिरची घेतात, हे खरे आहे. परंतु ती निचऱ्याच्या उताराच्या जमिनीवर, वरंब्यांवर घेतली जाते. तळाचे भोक मातीने बुजलेली कुंडी म्हणजे तिच्यासाठी डबकेच होय. त्यातून आठ-आठ दिवस ऊन पडत नाही आणि दमट हवेत बुरशीचे साम्राज्य पसरते.

यापेक्षाही महत्त्वाचे, पण सहसा ध्यानात न येणारे कारण सूर्याच्या मार्गात आहे. पनवेल सुमारे १९ उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य येथे थेट डोक्यावर येतो. साहजिकच, वरच्या मजल्याच्या छताखाली असलेल्या सज्ज्यात त्या दिवसांत दुपारचे ऊन शिरत नाही. डिसेंबरच्या अखेरीस हाच सूर्य दुपारी दक्षिण क्षितिजापासून केवळ ४७-४८ अंशांवर असतो, आणि दक्षिणेकडील सज्ज्यात त्याची तिरीप आतल्या भिंतीपर्यंत पोहोचते. मिरचीला रोज निदान पाच-सहा तास ऊन लागते. सदनिकेत राहणाऱ्यास ते मिळते कार्तिकापासून माघापर्यंत. उत्तरेकडील सज्ज्यात झाड हिरवेगार होईल, पण मिरची धरणार नाही. तेथे पुदिना किंवा अळू लावणे शहाणपणाचे. गच्ची उपलब्ध असल्यास हा प्रश्न उरत नाही.

म्हणून पनवेलच्या घरगुती मिरचीचे पंचांग असे मानावे : नवरात्राच्या सुमारास बी पेरावे, दिवाळीच्या आसपास रोप मोठ्या कुंडीत हलवावे, मार्गशीर्ष-पौषात फुले पाहावीत आणि संक्रांतीच्या सुमारास पहिल्या मिरच्या तोडाव्यात. ऑक्टोबरचा जो उष्मा माणसांना असह्य होतो, तोच बी रुजण्यास पोषक असतो. २५ ते ३० अंश तापमानात मिरचीचे बी साधारण आठ ते बारा दिवसांत उगवते.

बी आणि रोप

स्वयंपाकघरातील सुक्या लाल मिरचीचे बी पेरून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. ते कधी उगवते, कधी उगवत नाही. मिरची किती जुनी आहे, कडक उन्हात किती वाळली आहे आणि संकरित झाडाची आहे की काय, हे कळण्यास मार्ग नसतो. संकरित झाडाच्या बियांपासून मूळ झाडासारखेच झाड येईल, याची शाश्वती नसते. गंमत म्हणून हा प्रयोग करण्यास हरकत नाही. पण पहिल्याच वर्षी निराशा नको असेल, तर सुधारित वाणाचे बी आणावे. लांब, सुरकुतलेल्या मिरच्यांचे 'पुसा ज्वाला' हे वाण महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण कीर्ती' हे वाण दिले आहे. संकेश्वरी आणि ब्याडगी ही नावे मसाल्याच्या संदर्भात मोठी असली, तरी ती वाळवून वापरावयाच्या मिरचीची आहेत. सज्ज्यातील दोन-चार झाडांना हिरव्या मिरचीचे उद्दिष्ट पुरेसे आहे. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटताना लागणाऱ्या लाल मिरच्या कुंडीतून निघत नाहीत.

रोपे तयार करण्यासाठी कोकणातल्या घरी विनामूल्य मिळणारे उत्तम पात्र म्हणजे नारळाची करवंटी. तिच्या तळाशी असलेला डोळा टोकरून मोकळा केला की निचरा होतो. तीत चाळलेली माती व कुजलेले शेणखत समभाग भरावे आणि अर्धा सेंटिमीटर खोल दोन-तीन बिया टाकाव्यात. बी खोल गेल्यास कोंब वर येता येता दमतो. वर पाण्याचा हलका शिडकावा करावा. तांब्याने ओतू नये. मुंग्या बी पळवितात, म्हणून करवंट्या पाण्याच्या थाळीत उंचावर ठेवाव्यात. उगवल्यानंतर जोमदार एकच रोप ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटल्यास शेजारच्या रोपाची मुळे हलतात.

या अवस्थेतील मोठा शत्रू म्हणजे रोप कोलमडणे. काल ताठ असलेले रोप आज जमिनीलगत दोऱ्यासारखे बारीक होऊन आडवे पडलेले दिसते. ही मातीतील बुरशी होय, आणि तिचे आमंत्रण नव्वद टक्के वेळा अतिपाण्यातून जाते. असे रोप पुन्हा उभे राहत नाही. उरलेल्यांचे पाणी कमी करून त्यांना वारा व ऊन मिळेल असे करावे.

पाच-सहा आठवड्यांत रोप वीतभर होते. तेव्हा त्याला सायंकाळी, मुळाभोवतीच्या मातीसह कायमच्या कुंडीत हलवावे आणि पुढील तीन-चार दिवस कडक उन्हापासून जपावे.

कुंडी, माती, पाणी

एका झाडाला बारा इंच तोंडाची व तितकीच खोल कुंडी पुरते. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबाही चालतो. मात्र तळाला चार-पाच भोके पाडून त्यांवर खापराचे तुकडे ठेवावेत. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि एक भाग जाड वाळू हे मिश्रण नवख्यासही जमते. ताजे शेण घालू नये. त्याच्या उष्णतेने मुळे भाजतात आणि हुमणीसारख्या अळ्या घरात येतात.

माती कोठली आणावी, हा प्रश्न पनवेलमध्ये क्षुल्लक नाही. खाडीकाठची माती खारी असते. येथील खारभूमी संशोधन केंद्राने अशा जमिनीत तग धरणारी 'पनवेल-१', 'पनवेल-२' व 'पनवेल-३' ही भाताची वाणे दिली, यावरूनच या भागात क्षारांची समस्या किती खरी आहे, हे दिसते. भाताच्या त्या वाणांना जे साधले ते मिरचीला साधत नाही. पानांच्या कडा करपणे आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर धरणे ही क्षारांची खूण होय. कूपनलिकेचे खारट पाणी घातल्यानेही हेच होते. अशा वेळी नळाचे गोडे पाणी भरपूर घालून, तळातून वाहू देऊन माती एकदा धुऊन काढावी.

पाणी किती घालावे याचे उत्तर वेळापत्रकात नाही, बोटात आहे. तर्जनी दोन पेरे मातीत खुपसावी. ओल लागली तर पाणी घालू नये, कोरडे लागले तर तळातून निथळेपर्यंत घालावे. हिवाळ्यात हे दोन-तीन दिवसांआड होईल, एप्रिलमध्ये रोज. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच पाणी ओतण्याची घाई नको. ती सूर्यास्तानंतर आपोआप ताठ झाली, तर झाडाची तक्रार तहानेची नसून उन्हाची होती. सकाळीही मान टाकलेली असेल आणि माती ओली असेल, तर मुळे बिघडली आहेत असे समजावे. उन्हाळ्यात नळाचे पाणी अपुरे पडू लागते, तेव्हा तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी या झाडांना चालते. साबणाचे किंवा मीठ घातलेले पाणी मात्र चालत नाही.

पान मुरडले म्हणजे

नवख्याच्या धीराची खरी परीक्षा येथे होते. एके सकाळी शेंड्याची पाने लहान, जाडसर आणि मुरडलेली दिसतात. याला शेतकरी 'चुरडा-मुरडा' किंवा 'बोकड्या' म्हणतात. नाव एक असले तरी कारणे तीन आहेत आणि ती ओळखल्याशिवाय उपाय करणे व्यर्थ आहे. पानाच्या कडा वर वळून होडीसारखा आकार आला असेल, तर ते फुलकिड्यांचे काम. कडा खाली वळून होडी पालथी घातल्यासारखी दिसत असेल आणि देठ लांबलेले असतील, तर कोळी या अतिसूक्ष्म किडीचा उपद्रव. पाने बारीक होऊन गुच्छ बनला असेल, झाड खुजे राहिले असेल आणि हलविताच पांढऱ्या माश्या उडत असतील, तर तो विषाणू होय. तो पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते.

फुलकिडे व कोळी यांचा बंदोबस्त घरी होऊ शकतो. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा सलग चार-पाच दिवस मारल्याने त्यांची संख्या लक्षणीय घटते. त्यापुढे निंबोळी अर्क वापरावा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, फडक्यातून गाळावी, चिमूटभर साबणाचा चुरा मिसळून सायंकाळी पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावी आणि आठवड्याने पुन्हा तसेच करावे. विषाणूला मात्र औषध नाही. ते झाड मुळासह काढून टाकावे लागते. वाढविलेले झाड उपटणे जिवावर येते हे खरे, परंतु ते राहू दिले तर शेजारची तीनही जातात.

याच ठिकाणी एक धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. घाबरून जाऊन दुकानातून जालीम कीटकनाशक आणले जाते, बाटलीच्या झाकणाने अंदाजे मोजले जाते आणि घरातील लहान मुले खेळतात त्याच सज्ज्यात, तोंडाला फडके न बांधता फवारले जाते. दोन दिवसांनी त्याच झाडाची मिरची कोशिंबिरीत कच्ची पडते. शेतात फवारणी व तोडणी यांच्यात किती दिवसांचे अंतर राखावे, हे प्रत्येक औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते. घरगुती फवारणीत ते कोणी वाचत नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील व्यवस्थेत विषारीपणाच्या प्रमाणानुसार वेष्टनावर लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण असतो. लाल सर्वाधिक विषारी, हिरवा सर्वांत कमी. हिरवा म्हणजे निर्धोक, असा त्याचा अर्थ नव्हे. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाचा भाजीपाल्यावरील वापर केंद्र शासनाने २००५ मध्ये बंद केला, तो उगीच नाही. तंबाखूचा काढाही घरगुती म्हणून सौम्य समजू नये; निकोटीन हे तीव्र विष आहे. विकतच्या मिरचीवर काय फवारले असेल या शंकेने ज्याने घरी झाड लावले, त्याने स्वतःच्या सज्ज्यात तेच करावे, यासारखा विरोधाभास नाही. एक झाड गेले तर दहा-वीस रुपयांचे नुकसान होते. औषधाची बाटली मुलाच्या हाती लागली, तर त्या नुकसानीला मोजमाप राहत नाही.

फुले, फळे, बी

फुले येऊन गळू लागली तर पुढील तीन गोष्टी पाहाव्यात : ऊन कमी आहे काय, पाणी कधी कमी कधी जास्त होते काय, आणि खत अती झाले काय. शेंगदाण्याच्या पेंडीचे पाणी किंवा युरिया सारखे घातल्यास झाड पानांनी माजते व फळाकडे पाठ फिरविते. पंधरा दिवसांतून एकदा मूठभर कुजलेले खत पुरे. तापमान ३५ अंशांच्या वर गेल्यावर होणारी फुलगळ स्वाभाविक असते. परागीभवनासाठी मधमाशीवाचून अडत नाही. मिरचीचे फूल स्वपरागित होऊ शकते, सकाळी फांदीला हलकी टिचकी मारली की काम होते.

फुलापासून हिरव्या मिरचीपर्यंत साधारण तीन ते चार आठवडे लागतात. पुढे दर आठ-दहा दिवसांनी तोडणी करावी. मिरच्या झाडावर पिकू दिल्यास झाड आपले कार्य झाले असे समजून नवी फुले कमी धरते. देठासह, शक्यतो कात्रीने तोडाव्यात. ओढल्यास फांदी मोडते. तोडल्यानंतर हात डोळ्यांस लावू नयेत. हाताची आग पाण्याने जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आधी थोडे खाद्यतेल चोळून मग साबणाने धुतल्यास आराम पडतो. चार निरोगी झाडे असली, तर लहान कुटुंबाची रोजची फोडणी बऱ्याच अंशी भागते.

मिरचीचे झाड एका हंगामाचेच असते असे नाही. आपल्याकडे हिमवर्षाव नसल्याने ते दोन-तीन वर्षेही जगू शकते. मेअखेरीस फांद्या निम्म्यावर छाटून कुंडी पागोळ्यांखालून काढावी, पावसाचे झोड लागणार नाही अशा आडोशास ठेवावी आणि पाणी अगदी बेताने घालावे. जगले तर आश्विनात त्याला नवी पालवी फुटेल. त्यावर विसंबून न राहता एक खबरदारी फेब्रुवारीतच घ्यावी. सर्वांत निरोगी झाडावरील, मधल्या फांदीच्या दोन चांगल्या मिरच्या न तोडता पूर्ण लाल होऊ द्याव्यात. त्यांवर पातळ फडक्याची पुरचुंडी बांधावी, म्हणजे बुलबुलापासून त्या वाचतात. त्या सावलीत वाळवून बी काढावे, कोरड्या बाटलीत थोड्या राखेसह भरून झाकण घट्ट लावावे आणि वाणाचे नाव व महिना लिहिलेली चिठ्ठी चिकटवून, पुढल्या नवरात्रापर्यंत कपाटाच्या अंधाऱ्या खणात ठेवावे.